तुझ्या नावावर राहिलेली चूक

शकू,

परवा तुझ्या शोकसभेला नारायणगुड्यातला तो छोटा हॉल भरून गेला होता. बरेचसे तुझे विद्यार्थी होते. काही आता स्वतःच केस पिकलेले. तेलुगू, हिंदी, इंग्रजी, अधूनमधून मराठी, ज्याला जी भाषा जवळची तीत तो तुझ्याबद्दल बोलला. शेवटी तुझ्या इन्स्टिट्यूटचे प्रिन्सिपल उभे राहिले. म्हणाले, मॅडमचा मोठेपणा असा की तरुणपणी हातून घडलेली एक चूक त्या दर नव्या तुकडीला स्वतःहून सांगायच्या. रक्तपेढीच्या यादीची. "अपनी गलती खुद पढ़ानेवाले कितने लोग हैं," ते म्हणाले, आणि लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ती चूक माझी होती. मी उठले नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुला, कारण ऐकायचा पहिला हक्क तुझा होता.

पुण्याहून मी हैदराबादला आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज छापून यायचं. आपल्या छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच होता की मागवलेलं मशीन वर्षभराऐवजी दोन महिन्यांत यायचं आणि साहेब येणाऱ्याजाणाऱ्याकडे अमेरिकेचा विषय काढायचे. हिमायतनगरात साड्यांच्या दुकानावर तीन खोल्या, आठ माणसं. त्यात मी कोपऱ्यातल्या टर्मिनलवर. शेजारी तू, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, आणि पदराला पेनाच्या शाईचा डाग. मी तुला इंग्रजीत विचारलं की तुम्ही मराठी आहात का.

"हौ. तुला काय वाटलं, तुर्की?"

तुझं मराठी मला पहिले पंधरा दिवस कळतच नव्हतं. "ते फाइल कायकू उघडलीस? बंद कर, खालीपिली परेशान नको होऊ." मी हसायचे. तू रागवली नाहीस. म्हणालीस, "तुमचं पुण्याचं मराठी पेपरातल्यासारखं आहे, नीलू. वाचायला चांगलं." तुझे आजोबा उदगीरकडचे शेतकरी, निजामाच्या राज्यातले मराठी बोलणारे, आणि तुझे वडील इथे शाळामास्तर. मराठी कुणाचं खरं, हा आपला वाद तेव्हा सुरू झाला. तो काही मिटला नाही, आणि मिटावा असं दोघींनाही वाटत नव्हतं.

मी कॉलेजात शिकून आले होते. तू मॅन्युअलं वाचून शिकली होतीस. मशीन चालवणाऱ्या युनिक्सच्या जाड मॅन्युअलांचा एकच संच होता, साहेबांच्या कपाटात कुलपात. शनिवारी परवानगी काढून तू त्यातलं एक टॉवेलात गुंडाळून घरी न्यायचीस आणि सोमवारी परत आणायचीस. रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायची तेव्हा बघितलंय मी. तुझी आई मेथी निवडत बसलेली आणि तू तिला मॅन्युअल मोठ्यांदा वाचून दाखवतेस, मधेमधे मराठीत सांगतेस. आई म्हणायची, "म्हंजे ह्ये मशीन विचारलं तर सांगतंय, न्हाई विचारलं तर गप्प. तुझ्या बापावानी हाय की."

मग रक्तपेढीचं काम आलं. एक खासगी रक्तपेढी, रक्तदात्यांची हजारो कार्डं, आणि त्यांची यादी मशीनवर हवी होती. कोणाचा रक्तगट कुठला, पत्ता काय, शेवटचं रक्त कधी दिलं. तू कार्डांवरून माहिती भरायला पेढीतल्या बायकांना शिकवलंस, आणि प्रोग्राम मी लिहिला. दर शनिवारी तो सगळी यादी नावांप्रमाणे लावायचा, नवीन फाइल लिहायचा आणि जुनी पुसायचा. लिहिण्याआधी डिस्कवर जागा आहे का, हे विचारायला हवं होतं. त्यासाठी एक सिस्टिम कॉल होता, म्हणजे मशीनला थेट विचारायचा तयार प्रश्न, स्टॅटव्हीएफएस. एखाद्या फाइलीचा पत्ता त्याला द्यायचा, मग ती फाइल ज्या डिस्कवर आहे त्या डिस्कची खबर तो आणून देतो. एकूण जागा किती, भरलेली किती, रिकामी किती. मला तो फार आवडला होता. एका ओळीत काम झालं.

सोमवारी तू मॅन्युअलाभोवतीचा टॉवेल सोडलास आणि त्या कॉलचं पान माझ्यासमोर ठेवलंस.

"नीलू, यात रिकाम्याचे दोन आकडे येतात. एक बीफ्री, एक बीअवेल. तू कोणता घेतलास?"

"बीफ्री. फ्री म्हणजे रिकामी."

"रिकामी, पण आपली नाही. डिस्कचा थोडा हिस्सा रूटसाठी राखून ठेवतात. रूट म्हणजे मशीनचा मालक. बीफ्रीमध्ये तो हिस्सा पण मोजलेला असतो. आपल्यासारख्या साध्या माणसाला मिळणारं ते बीअवेल. बस कशी असते? सीट खाली दिसते, पण ती लेडीज सीट. मर्द माणसाला बसता येतं का?"

"अगं, डिस्क अर्धी मोकळी आहे. असा किती फरक पडणार?"

"आज नाही पडणार. भरत आली की पडेल."

"बघते," मी म्हणाले.

एक शब्द बदलायचा होता, शकू. मी बघितलं नाही. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. कॉलेजात न गेलेल्या मुलीनं मला माझ्याच प्रोग्राममधली खोट दाखवली, ते मला आवडलं नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

चाचणी तू घेतलीस. आपल्या ऑफिसात एकच रिकामं टर्मिनल होतं आणि त्यावर आपण सगळे रूट म्हणूनच बसायचो, वेगळा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार. रूटला राखीव जागाही मिळते, त्यामुळे डिस्क मुद्दाम भरत आणली तरी प्रोग्राम नीट चालला. तू मला विचारलंस, "तो शब्द बदललास ना?" मी हो म्हणून मान हलवली. चाचणी पास झाल्याच्या कागदावर सही तुझी पडली.

सात-आठ महिन्यांनी एका सोमवारी सकाळी दहाला रक्तपेढीतून फोन आला. यादी अर्धीच दिसतेय. आपण दोघी रिक्षानं गेलो. तिथल्या डॉक्टरबाई स्क्रीनसमोर उभ्या होत्या. इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली ती यादी के अक्षरावर, एका माणसाच्या नावाच्या मधोमध तुटली होती. शनिवारी डिस्क भरत आली होती. रक्तपेढीचं मशीन रूट म्हणून नाही, साध्या माणसाच्या नावानं चालायचं. माझ्या प्रोग्रामनं विचारलं, जागा आहे का. उत्तर आलं, आहे. ती रूटची होती. अर्ध्यात लिहिणं थांबलं, आणि ते थांबलं का हे तपासायची ओळ मी लिहिलीच नव्हती, आधी विचारलंय ना म्हणून. मग प्रोग्रामनं नेमानं जुनी पूर्ण यादी पुसून टाकली. टेपवरची प्रत होती, पण ती फार जुनी, अर्ध्याहून जास्त कार्डं भरायच्या आधीची.

व्हरांड्यात एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. तिशीचा असेल. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात, रक्त थांबत नव्हतं, गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. उरलेल्या यादीत त्या गटाचे तिघं होते. एक गाव सोडून गेलेला, एक आजारी, एकीनं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं.

 मी स्क्रीनकडे बघत बसले, जणू पुढची नावं आपोआप उमटतील. तू डॉक्टरबाईंना विचारलंस, "कार्डं कुठं आहेत?" मागच्या खोलीत, खोक्यांत. ती तारखेप्रमाणे लावलेली, गटाप्रमाणे नाही. तू जमिनीवर बसलीस आणि एकदम म्हणालीस, "एक मिरचीवाला होता, ओ निगेटिव्ह. बायकांना शिकवताना त्याचं कार्ड मीच भरलं होतं. कार्डाला लाल बोटं लागलेली होती. बेगम बाजारचा." अर्ध्या तासात कार्ड सापडलं. विठ्ठल सेठ. फोन लागेना.

बेगम बाजारात रिक्षा जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेलो, मग पळत. त्या गल्लीत मिरच्यांची पोती सोडलेली, मला शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी. तू माझा हात धरून ओढत होतीस. विठ्ठल सेठ गादीवर बसून एका गिऱ्हाइकाशी भाव करत होते. तू कार्ड त्यांच्यासमोर धरलंस.

"सेठ, ये आप हैं?"

"हौ, मैं हूँ."

"एक बाई का खून नहीं रुक रहा. आपका ग्रूप होना."

"अभी?"

"अभी."

ते उठले. भावाला म्हणाले, दुकान बघ. मोरीत जाऊन हात दोनदा साबणानं धुतले. रिक्षात ते आपल्या दोघींच्या मध्ये अंग चोरून बसले होते, कपड्यांना मिरचीचा वास. वाटेत त्यांनी विचारलं, "पर मेरा नाम तो कंप्यूटर में डाले थे ना. फोन कायकू नहीं आया?"

मी रिक्षाबाहेर बघितलं. तू म्हणालीस, "हमारी गलती हुई, सेठ."

हमारी. तेव्हाच तू माझी बाजू घ्यायला सुरुवात केली होतीस.

ती बाई वाचली. संध्याकाळी तो माणूस पुन्हा पेढीत आला, पेढे नाहीत, काही नाही, नुसता हात जोडून उभा राहिला. आपण दोघी कार्डांच्या खोक्यांमध्ये बसलेलो. त्याला वाटलं आपण तिथल्याच नोकर आहोत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना आत बोलावलं. त्या वेळी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाकडे दोघांना पाठवायचं चाललं होतं आणि यादीत आपली दोघींचीच नावं होती. ते मशीनकडे बघतच म्हणाले, "एवढी मोठी चूक करणाऱ्या माणसाला मी बाहेर पाठवू शकत नाही. चाचणी कुणी पास केली?"

"मी," तू म्हणालीस. "रूटवरून केली. रूटवरून करायला नको होती."

साहेब माझ्याकडे वळले. "पण प्रोग्राम तुझा ना?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "सर, टेस्टिंग असतं कशाला? मला सापडायला पाहिजे होतं."

तोंड उघडायच्या आत, असं मी लिहिलं. ते खरं नाही. मला पुरेसा वेळ होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला अमेरिकेला जायचं होतं, शकू. घरची अडचण नव्हती, कुणाची जबरदस्ती नव्हती. मला जायचं होतं, आणि मी गप्प राहिले.

जिन्यात मी विचारलं, "असं का म्हणालीस?"

"खोटं बोल्ली का? रूटवरून टेस्ट केलं का नाही मी?"

"केलंस."

"मग झालं."

त्या तुझ्या 'मग झालं'वर मी पुढे किती वर्षं काढली. स्वतःला सांगायची, शकूचीही चूक होतीच. रूटवरून चाचणी घ्यायची नसते, हे कुणीही सांगेल. आणि ती मॅन्युअलची गोष्ट, ती मान हलवण्याची गोष्ट, शकू बहुतेक विसरली असेल. तू विसरली असावीस, अशी मी देवाजवळ प्रार्थना करायची. असली प्रार्थना कुणी करतं का?

जाण्याआधीचे पंधरा दिवस आपण दोघींनी पेढीत बसून ती सगळी कार्डं पुन्हा भरली. तू वाचायचीस, मी टाइप करायची. पहिल्याच दिवशी तू कीबोर्ड आपल्याकडे ओढलास, माझा प्रोग्राम उघडलास, तो एक शब्द बदललास, लिहिणं पुरं झालं का हे तपासणाऱ्या दोन ओळी घातल्यास आणि कीबोर्ड परत माझ्याकडे सरकवलास. मग पुढच्या कार्डावरचं नाव वाचलंस. तुझा आवाज नेहमीसारखाच होता. त्या पंधरा दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. तू वाचतेस आणि मी लिहिते. आजही एखादं लांबलचक तेलुगू नाव ऐकलं की ते तुझ्याच आवाजात, तुकडे पाडून ऐकू येतं.

मी एकटीच अमेरिकेला गेले. तू वर्षभरात ती नोकरी सोडलीस आणि नारायणगुड्यात शिकवायला लागलीस. आठ वर्षांनी मी नवऱ्यासोबत परत आले ती याच गावात, काचेच्या नव्या इमारतींच्या बाजूला. रविवारी तुमच्याकडे यायचं ते मात्र पुन्हा सुरू झालं. आई म्हातारी झाली होती, तरी तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. तू म्हणायचीस, "मेहमान नाही ती, आई. खाऊ दे थंडी भाकर." आई ऐकायची नाही.

एकदा मी तुला घ्यायला इन्स्टिट्यूटमध्ये आले, तास संपला नव्हता, म्हणून मागच्या बाकावर बसले. फळ्यावर तू दोन आकडे मांडले होतेस. बीफ्री. बीअवेल. मुलांना म्हणालीस, "ये गलती मेरे से हुई थी. एक औरत की जान जाते जाते बची." तू मला पाहिलं होतंस. पाहूनही वाक्य बदललं नाहीस. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपको मालूम नहीं था क्या?" तू खडू हातात फिरवलास. म्हणालीस, "मालूम था. मालूम रहने से क्या होता."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. परतताना गाडीत मी तीन वेळा सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा सिग्नल, पेट्रोल, मुलाची परीक्षा यांवर येऊन थांबले.

आणि शेवटचा महिना. तू खाटेवर, मी उशाशी. आई आत होती. मी म्हणाले, "शकू, ती रक्तपेढी..." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "विठ्ठल सेठ गेले. सांगितलं का तुला? नव्वदीच्या घरात होते." मग बेगम बाजारची ती पळापळ तू आठवत राहिलीस, माझ्या शिंका मोजत राहिलीस, आणि तुला हसताना धाप लागली. मी पाणी दिलं. विषय गेला. तू तो मुद्दाम घालवलास का, हे मला कळलं नाही. मी तो जाऊ दिला, एवढं कळतं.

हॉलमधून परवा मी घरी गेले नाही, नुसती गाडीत बसून राहिले. काल सकाळी तुमच्याकडे गेले. आई तुझ्या सुती साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगितलं. आई, ती चूक माझी होती. शकूनं मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि तिनं विचारलं तेव्हा खोटी मान हलवली.

आईनं घडी पुरी केली. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. घरी आली, चप्पल काढायच्या आधी बोल्ली. म्हनली, म्या तिला सांगितलं होतं, तर ती 'बघते' म्हनली."

माझा तो शब्दसुद्धा तू विसरली नव्हतीस.

"मग तिनं माझं नाव का नाही घेतलं?"

"म्या बी तेच विचारलं. म्हनली, आता दोघींतली एकच जाणार. तिला इथं कोण हाय? मला तर तू हायस."

 मग मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय उठता येणार नव्हतं, "रागावली होती का माझ्यावर?"

"रागावली न्हाई तर काय. तू इमानात बसून गेलीस, तवापास्नं आठ दिवस धड जेवली न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडायची. मला म्हनली, परत येऊ दे तिला, भांडते बघ, अशी सोडत न्हाई." आईनं दुसरी साडी उचलली. "मग तू आलीस. मला वाटलं, आज भांडतील, उद्या भांडतील. म्या रोज वाट बघायची."

आज सकाळी मी तुझ्या प्रिन्सिपलना भेटले आणि सगळं सांगितलं.  नवी तुकडी सुरू होईल तेव्हा तो तास मी घेणार आहे. फळ्यावर तेच दोन आकडे मांडीन, आणि चूक कुणाची ते नाव घेऊन सांगीन. मुलं विचारतील, माहीत नव्हतं का. माहीत होतं, म्हणेन. मैत्रिणीनं सांगितलं होतं.

हे तुझ्यासमोर करायला हवं होतं, हे मला कळतं.

पण मी परत आले होते गं, शकू. इतकी वर्षं दर रविवारी तुझ्या समोरच्या पाटावर बसत होते. एकदा तरी भांडायचं होतंस.